सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया : गंभीर गुंतागुंतींचा प्रतिबंध (बेळगाव सीमाभाग)

केवळ रूपबदलासाठी केलेल्या शस्त्रक्रियेत मृत्यू, अवयवहानी वा कायमचे व्यंग टाळण्यासाठी योजावयाच्या उपायांचा येथे विचार केला आहे. रोग नसताना धोका पत्करला जात असल्याने सुरक्षिततेची कसोटी येथे अधिक कडक असली पाहिजे.

चरबी काढण्याच्या प्रयत्नांची सुरुवातच दुर्घटनेने झाली. पॅरिसमधील शल्यविशारद दुजारिए यांनी, बहुधा १९२१ च्या सुमारास, एका नर्तिकेच्या पायातील चरबी खरवडून काढली; रक्तवाहिनीला इजा होऊन पाय सडला व कापावा लागला. आधुनिक लायपोसक्शनचे (नळीने चरबी शोषून काढण्याचे) श्रेय इटलीतील फिशर पितापुत्र आणि फ्रान्समधील इलूझ या दोहोंना दिले जाते. प्रतिबंधाच्या दृष्टीने मात्र इलूझ यांची बोथट टोकाची नळी अधिक मोलाची मानावी लागते. पुढे अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ क्लाइन यांनी लिडोकेन (बधिर करणारे, पण जास्त मात्रेत विषारी औषध) व अ‍ॅड्रेनलिन (रक्तवाहिन्या आकसविणारे औषध) यांचे अतिविरल द्रावण चरबीत भरण्याची पद्धत रूढ केल्याने रक्तस्राव पुष्कळ घटला. या द्रावणातील लिडोकेनची त्यांनी सुचविलेली मर्यादा वजनाच्या दर किलोग्रॅममागे ३५ मिलिग्रॅम होती; नंतरच्या काही अभ्यासकांनी ती ५५ पर्यंत नेली. औषधाचे रक्तातील प्रमाण सुमारे १२ तासांनी, क्वचित त्याहूनही उशिरा, शिगेला पोहोचते आणि तोवर खानापूर किंवा चिकोडी तालुक्यातील रुग्ण गावी परतलेला असू शकतो. त्यामुळे या भागात जुनी मर्यादा पाळणे आणि रुग्णाला रात्रभर देखरेखीखाली ठेवणे श्रेयस्कर होय. एका वेळी पाच लिटरहून अधिक चरबी व द्रव काढावयाचा असल्यास रुग्णालयात दाखल करणे आवश्यक समजतात.

निपाणी ही तंबाखूची जुनी बाजारपेठ असल्याने एक प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. निकोटीनमुळे त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि पोटाची वा चेहऱ्याची, शस्त्रक्रियेत खालच्या थरापासून सुटी केलेली त्वचा मृत होऊ शकते. म्हणून तंबाखू किमान चार आठवडे आधी बंद करावी लागते. मिश्री लावणाऱ्या अनेक स्त्रिया तिला व्यसन मानीत नाहीत. त्यामुळे विडी, मिश्री, तपकीर यांची नावे घेऊनच विचारणे इष्ट.

पायातील गुठळी फुफ्फुसात जाऊ नये यासाठी आधी जोखीम मोजणे व शस्त्रक्रियेनंतर लवकर चालविणे हे सर्वमान्य उपाय आहेत. नितंबात चरबी भरताना ती स्नायूत टोचू नये.

संमती पुरेशा माहितीवर आधारलेली असावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. संमतिपत्र कन्नड वा इंग्रजीत असल्यास मराठीभाषक रुग्णाला त्यातील धोके मराठीत समजावून सांगितले पाहिजेत. कोल्हापूरला शस्त्रक्रिया करून परतणाऱ्याजवळ दिलेल्या लिडोकेनची मात्रा व काढलेल्या चरबीचे प्रमाण नोंदविलेला कागद असावा, जेणेकरून रात्री धाप लागल्यास किंवा झटके आल्यास बेळगावातील डॉक्टरांना तातडीने उपचार ठरविता येतील.