आठशे कॅलरींच्या आत शरीरात काय घडतं?

गणपती गेले की बडोद्यात नवरात्राचे वेध लागतात. मध्ये पितृपंधरवडा असतो, त्यामुळे हातात राहतात जेमतेम पंधरा-सोळा दिवस. एवढ्या दिवसांत चणियाचोळी नीट बसली पाहिजे म्हणून दरवर्षी कितीतरी मुली आणि त्यांच्या आया जवळजवळ जेवणच बंद करतात. मी आहारतज्ज्ञ आहे. दांडिया बाजार, रावपुरा या बाजूने माझ्याकडे येणाऱ्यांच्या तोंडून या दिवसांत थोड्याफार फरकाने एकच आहार ऐकू येतो. सकाळी दोन खाखरे, दुपारी काकडी आणि मुगाचं पाणी, संध्याकाळी पपई, रात्री पुन्हा दोन खाखरे आणि पातळ ताक. हिशोब मांडला तर हे सगळं पाचशे कॅलरींच्या आसपास जातं आणि त्यात प्रथिनं असतात जेमतेम वीस ग्रॅम.

दिवसाला ८०० कॅलरी किंवा त्याहून कमी ऊर्जा मिळेल असा आहार वैद्यकशास्त्रात वापरला जातो. ती मान्यता असलेली उपचारपद्धती आहे आणि तिने काही रुग्णांचं फार मोठं भलं झालेलं आहे. पण तो आहार आणि हा खाखऱ्यांचा आहार यांच्यात सारखा आहे तो फक्त कॅलरींचा आकडा. उपचार म्हणून दिल्या जाणाऱ्या आहारात दिवसाला साधारण ७० ते १०० ग्रॅम प्रथिनं, सगळी जीवनसत्त्वं आणि खनिजं मोजून घातलेली असतात. हा फरक किती खोल आहे हे कळण्यासाठी पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करावी लागेल.

पहिल्या आठवड्यात सगळेच खूश असतात. तीन किलो गेले, कधी कधी चार. समजा एका बाईचा रोजचा खर्च १९०० कॅलरींचा आहे आणि ती ६०० खाते. रोज १३०० ची तूट. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठवलेल्या असतात, म्हणजे सगळी तूट चरबीतूनच भरून निघाली तरी एक किलो जायला सहा दिवस लागतील. मग उरलेले दोन किलो कुठून गेले? यकृत आणि स्नायूंमध्ये मिळून चारपाचशे ग्रॅम ग्लायकोजेन असतं, म्हणजे साठवलेली साखर. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं तुटलं की पहिल्या दोनतीन दिवसांत हा साठा बराचसा संपतो आणि त्याच्याबरोबरचं पाणी निघून जातं. शिवाय रक्तातलं इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं जास्त मीठ आणि त्यासोबत आणखी पाणी बाहेर टाकतात. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळेच. कोजागिरीला मसाला दूध आणि दोन दिवस नेहमीचं जेवण झालं की दीड-दोन किलो परत दिसतात, तेही हेच पाणी असतं. त्या दिवशी रडवेल्या चेहऱ्याने येणाऱ्या मुलींना मी हा हिशोब कागदावर मांडून दाखवते, कारण त्यांना खरोखर वाटत असतं की दोन दिवसांत आपण दोन किलो चरबी चढवली.

पाण्यानंतरचा भाग जास्त गंभीर आहे. मेंदूला दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं. साठा संपल्यावर यकृत ते नव्याने तयार करतं, आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल मुख्यतः स्नायूंमधल्या प्रथिनांतून येतो. चरबीतून ग्लुकोज फारच थोडं बनू शकतं. असंच चालू राहिलं असतं तर उपाशी माणूस काही आठवड्यांतच स्नायू गमावून बसला असता. तसं होत नाही, कारण शरीर हळूहळू चरबीपासून कीटोन बनवायला लागतं आणि मेंदू त्यांच्यावर चालायला शिकतो. बोस्टनमध्ये जॉर्ज केहिल, ऑलिव्हर ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली हे दाखवून दिलं. दीर्घ उपास केलेल्या लठ्ठ रुग्णांच्या मेंदूचं मुख्य इंधन कीटोनच झालेलं होतं. मला हा शोध विसाव्या शतकातल्या शरीरशास्त्रातल्या सर्वांत सुंदर शोधांपैकी एक वाटतो. चौथ्यापाचव्या दिवसानंतर भूक बोथट होते, डोकं हलकं वाटतं असं अनेक जण सांगतात. ती कल्पना नव्हे, कीटोन वाढल्यावर भूक दबते. तोंडाला येणारा विचित्र गोडसर वासही त्यांचाच.

मात्र कीटोन आले म्हणून स्नायूंची झीज थांबत नाही, फक्त मंदावते. ती आणखी मंद ठेवायची तर रोज पुरेशी प्रथिनं पोटात जावी लागतात आणि स्नायूंना काम द्यावं लागतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची सर्वसाधारण शिफारस वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. ६५ किलोच्या बाईसाठी ते झाले ५४ ग्रॅम, तेही ती पोटभर जेवत असताना. खाखरा आणि मुगाचं पाणी यांतून वीस.

आपल्या लोकांच्या बाबतीत हा मुद्दा मी इतक्या आग्रहाने मांडते त्याला आणखी एक कारण आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आलं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. भारतीय शरीर दिसायला सडपातळ असलं तरी त्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाच्या आत, हे इतक्या थेटपणे क्वचितच कुणी दाखवलं असेल. आता अशा शरीराला तीन आठवडे वीस ग्रॅम प्रथिनांवर ठेवलं तर काय होईल? जो साठा मुळातच तुटपुंजा आहे त्यातूनच काढलं जाईल. पुढे वजन परत येतं तेव्हा ते बहुतांशी चरबीच्या रूपाने येतं, स्नायू तितके परत येत नाहीत. दरवर्षी नवरात्रापूर्वी पाच किलो घालवून दिवाळीनंतर पाच किलो परत आणणारी बाई काट्यावर तिथल्या तिथेच दिसते, पण तिच्या शरीराची घडण दरवर्षी थोडी बिघडत जाण्याची भीती असते.

थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, चिडचिड, सतत खाण्याचेच विचार या तक्रारी इतक्या नेहमीच्या आहेत की लोक त्या सांगायच्याही विसरतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात होरपळलेल्या युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा खायला कसं घालावं हे शोधण्यासाठी हे तरुण आपणहून तयार झाले होते. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १५७० कॅलरी दिल्या गेल्या. त्यांचं वजन पाव भागाने घटलं, नाडी मंदावली, ऐन उन्हाळ्यात त्यांना पांघरुणं लागू लागली. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटं चाटू लागले. हे तरुण आधीच सडपातळ होते, त्यामुळे लठ्ठ माणसाशी त्यांची थेट तुलना करता येत नाही. पण खाणं तुटलं की मन अन्नाभोवती घुटमळतं तो स्वभावाचा दोष नाही, एवढं त्यांनी कायमचं सिद्ध केलं. सासूबाई ‘हल्ली ही फार तडकते’ म्हणतात तेव्हा मी सुनेने काल दिवसभरात काय खाल्लं ते आधी विचारते.

केसांचं थोडं वेगळं आहे. ते आहार चालू असताना गळत नाहीत, दोनतीन महिन्यांनी गळतात. शरीराला ताण बसला की वाढीच्या अवस्थेतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि त्यांची गळती नंतर दिसते. म्हणून सप्टेंबरमधल्या उपासमारीचा दोष डिसेंबरमध्ये शॅम्पूवर आणि पाण्यावर येतो. बहुतेकांचे केस पुन्हा उगवतात.

पित्ताशयातले खडे हा धोका मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही. वजन झपाट्याने उतरताना चरबीतलं कोलेस्टेरॉल पित्तात जास्त येतं. दुसरीकडे, जेवणात तेल-तूप अजिबात नसेल तर पित्ताशय आकुंचनच पावत नाही, पित्त तिथेच साचून घट्ट होतं आणि खडे धरतात. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन जात असेल तर ही शक्यता बरीच वाढते. उपचाराच्या आहारात थोडा स्निग्ध पदार्थ मुद्दाम ठेवतात, काही रुग्णांना प्रतिबंधक गोळीही देतात. ‘तेल शून्य’ असं अभिमानाने सांगणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

आणि हृदय. १९७० च्या दशकात अमेरिकेत द्रवरूप प्रथिनांवर राहून वजन घटवण्याची लाट आली होती. दिवसाला तीनचारशे कॅलरी, आणि प्रथिनं कसली, तर जनावरांच्या कातड्यापासून काढलेल्या कोलॅजेनची. प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी शरीराला आवश्यक अशी काही त्यात नव्हती किंवा फारच कमी होती. १९७७-७८ च्या सुमारास असा आहार घेणाऱ्यांच्या साठेक मृत्यूंची नोंद झाली. अनेकांच्या हृदयाचे ठोके एकाएकी प्राणघातक रीतीने अनियमित झाले होते. हृदय हाही स्नायूच आहे आणि त्याची लय पोटॅशियम, मॅग्नेशियम यांसारख्या क्षारांवर अवलंबून असते. आज उपचाराच्या आहारात दर्जेदार प्रथिनं आणि क्षार मोजून घालतात, मध्ये मध्ये रक्ततपासण्या करतात, त्यामागे हा इतिहास आहे. पाचशे कॅलरींवर पंधरा दिवस काढायचे आणि मग रात्री तीनचार तास घामाने निथळत गरबा खेळायचा, हे मला म्हणूनच बघवत नाही. गरबा खेळावा, भरपूर खेळावा, बडोद्यात राहून तो न खेळणं मला स्वतःलाही जमत नाही. पण आधी दही, पनीर, उकडलेला बटाटा असं काही पोटात गेलेलं असावं.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल मला मनापासून आशा वाटते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल इथे प्रा. रॉय टेलर यांनी मधुमेहाच्या अकरा रुग्णांना आठ आठवडे सुमारे ६०० कॅलरींवर ठेवलं. २०११ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा, की एका आठवड्यात त्यांची उपाशीपोटीची साखर सर्वसामान्य पातळीवर आली आणि यकृतातली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी घटली. टेलर यांचं म्हणणं असं, की यकृतात आणि स्वादुपिंडात साचलेली चरबी हेच दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचं मूळ आहे आणि अतिअल्प कॅलरींचा आहार सर्वांत आधी नेमकी तीच चरबी काढतो. पुढे ग्लासगोचे प्रा. माइक लीन आणि टेलर यांनी मिळून सुमारे तीनशे रुग्णांवर मोठी चाचणी घेतली. निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरी. वर्षाअखेरीस या गटातल्या ४६ टक्के रुग्णांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के. दोन वर्षांनी आहार घेतलेल्या गटातलं ४६ टक्क्यांचं प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं.

या चाचणीतला कॅलरींचा आकडा तेवढा लोक उचलतात. त्या आहारानंतर दोन ते आठ आठवडे एकेक जेवण पुन्हा सुरू करण्याचा काळ होता आणि त्यानंतर दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत महिन्याच्या महिन्याला भेटी होत्या, हे बाजूला राहतं. माझ्या मते उपचाराचा कठीण भाग तोच. वजन हळू उतरवलं तर टिकतं आणि झटपट उतरवलं तर परत येतं, असं आपण सगळे म्हणतो. मेलबर्नमध्ये २०० जणांवर हे तपासलं गेलं. एका गटाने १२ आठवड्यांत वजन उतरवलं, दुसऱ्याने ३६ आठवड्यांत. तीन वर्षांनी दोन्ही गटांत गेलेल्या वजनापैकी सुमारे ७० टक्के परत आलेलं होतं. म्हणजे वेग हा खरा गुन्हेगार नाही. मेलबर्नच्याच दुसऱ्या अभ्यासात, अतिअल्प कॅलरींच्या आहारानंतर वर्ष उलटलं तरी भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक चढलेलं आणि पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन उतरलेलं आढळलं. भूक महिनोन् महिने जास्तच राहते, आणि त्या काळात माणसाला सोबत लागते. पंधरा दिवसांचं पॅकेज विकणारा सोळाव्या दिवशी सोबत नसतो.

अशा आहाराचं नाव काढलं की मी प्रथम गोळ्यांची यादी मागते. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना खाणं निम्म्याहून कमी केलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. मधुमेहाच्याच, ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं अशा गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तात, साखर फारशी वाढलेली नसतानाही, कीटोनचं आम्ल जीवघेण्या पातळीपर्यंत साचू शकतं. रक्तदाबाचा डोस तसाच ठेवला तर चक्कर येऊन पडायची भीती. स्कॉटलंड-इंग्लंडमधल्या त्या चाचणीत मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवली होती. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या, वाढत्या वयातल्या मुली, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे रुग्ण, आणि ज्यांना पूर्वी कधी खाण्याच्या विकाराचा त्रास झाला आहे अशांना हा आहार द्यायचाच नसतो. बाकीच्यांनी तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावा, आणि सुरू करण्याआधी पोटॅशियम, क्रिएटिनिन, युरिक आम्ल आणि ईसीजी एवढं तरी पाहून घ्यावं. या सगळ्या तपासण्या बडोद्यात एका सकाळी होतात.