रॉक अँड रोल वेगळं, रॉक वेगळं

एल्विस प्रेस्ली (पन्नासच्या दशकातला अमेरिकन गायक) आणि लेड झेपलिन (सत्तरच्या दशकातला इंग्लिश बँड) एकाच प्लेलिस्टमध्ये घालून वर "जुनं रॉक" असं लिहिलेलं दिसलं की मला गप्प बसवत नाही. दोघांत नातं आहे, पण काका-पुतण्याचं, जुळ्या भावांचं नाही.

रॉक अँड रोल म्हणजे साधारण १९५४ ते ५९ मधला अमेरिकेतला प्रकार. एल्विसचं पहिलं सिंगल (म्हणजे सुटं विकलं जाणारं गाणं) जुलै १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत रेकॉर्ड झालं आणि त्यात ड्रम्सच नाहीयेत! दोन गिटारी आणि तो उभा लाकडी बास, बासवाला तारा खेचून पट्टीवर आपटतो तोच ठेका. त्याच काळातल्या लिटल रिचर्डकडे पियानो आणि सॅक्सोफोन, जेरी ली लुईस तर पियानोवालाच, म्हणजे गिटार हीच महाराणी असं काही ठरलेलं नव्हतं, चक बेरी सोडला तर, आणि त्याच्या मागेसुद्धा बऱ्याचदा जॉनी जॉन्सनचा पियानो असायचाच. गाणं दोन-अडीच मिनिटांत खल्लास, कारण ज्यूकबॉक्समध्ये, म्हणजे गाणी वाजवणाऱ्या यंत्रात, नाणं टाकून नाचायचं, एवढंच काम.

खरा फरक मात्र ठेक्यात आहे, आवाज किती मोठा यात नाही. चक बेरीचं 'जॉनी बी गुड' (१९५८) हेडफोन लावून ऐका, गिटार सरळ खटखट चाललीये आणि ड्रम्स-बास मात्र जॅझसारखे झुलतायत, त्या ओढाताणीतच सगळी मजा आहे, पाय आपोआप हलतो. आता झेपलिनचं १९७१ चं गाणं लावा ज्याचं नावच 'रॉक अँड रोल' आहे. सुरुवातीचे ड्रम्स लिटल रिचर्डच्या 'कीप अ नॉकिन'वरून घेतलेत, पियानोपण आहे, तरी ते रॉकच, कारण झूल गेली, सगळे एका सरळ रेषेत घाव घालतायत. मस्तच आहे हां, पण जोडीने नाचून बघा, जमत नाही.

मधे झालं काय? १९५७ ला लिटल रिचर्ड धर्माकडे वळला, ५८ ला एल्विस लष्करात गेला, ३ फेब्रुवारी १९५९ ला रॉक अँड रोलचाच एक स्टार बडी हॉली विमान अपघातात गेला. मग तीच गाणी ऐकून मोठी झालेली इंग्लंडची पोरं आली, इलेक्ट्रिक बास आणि मार्शल कंपनीचे अँप्लिफायर आले, गिटारचा आवाज मुद्दाम फाडायला लागले, बॉब डिलनने १९६५ ला सहा मिनिटांचं सिंगल काढलं, आणि ६७ पर्यंत लोक नाचायचं सोडून अख्खा एलपी, म्हणजे पूर्ण अल्बमची रेकॉर्ड, बसून ऐकायला लागले. यात एक गोष्ट मला खटकते, पाया घालणारे बरेचसे काळे कलाकार आणि नंतरच्या रॉकचे स्टार, गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्ससारखे मोजके सोडले तर, जवळपास सगळे गोरे.

आपल्याकडचा धागा म्हणजे पाचगणी. तिथल्या बोर्डिंग शाळेत फारूख बलसारा नावाचा मुलगा पन्नासच्या दशकाच्या शेवटी शाळेच्या बँडमध्ये पियानोवर ही रॉक अँड रोलची गाणी वाजवायचा, पुढे तोच फ्रेडी मर्क्युरी. १९७५ ला त्याच्या क्वीन बँडने 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' काढलं, जवळजवळ सहा मिनिटं, मधे ऑपेरा, त्यावर नाचायचा प्रश्नच नाही. आणि १९७९ ला 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह', सरळ एल्विसच्या थाटात, तीन मिनिटांच्या आत. अमेरिकेत क्वीनचं पहिलं नंबर एकचं गाणं झालं ते हे दुसरं.