नाताळचं पत्र (बालवाडीतला उपक्रम)

नाताळचं पत्र म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला बालवाडी, अंगणवाडी नाहीतर नर्सरीतल्या तीन ते सहा वर्षांच्या लेकरांकडून पत्र लिहून घ्यायचं आणि ते पोस्टाच्या खऱ्या लाल पेटीत टाकायचं, असा उपक्रम. यातलं 'लिहून घ्यायचं' जरा सांभाळून वाचा, कारण या वयात बऱ्याच लेकरांना ग म भ न सुद्धा येत नसतं आणि यायलाच पाहिजे असंही काही नाही.

नाताळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि नाताळला छापील कार्ड पाठवायची पद्धत इंग्लंडातून, तिथं हेन्री कोल यांनी 1843 मध्ये पहिलं कार्ड छापून घेतलं होतं. सांताक्लॉजला पत्र लिहायची चाल युरोप-अमेरिकेतली. तिकडची पोस्टखाती हा प्रकार भलताच मनावर घेतात, अमेरिकेत 1912 पासून पोस्टमास्तरांना अशी पत्रं उघडून उत्तर द्यायची परवानगी आहे, फ्रान्समध्ये 1962 पासून त्यासाठी वेगळं ऑफिसच आहे, आणि कॅनडानं तर सांताला स्वतंत्र पिनकोड दिलाय, एच-शून्य-एच शून्य-एच-शून्य, म्हणजे शून्याला ओ वाचलं की सांताचं हसू, हो हो हो.

मराठवाड्यात सांता आला तो बहुतेक इंग्लिश मीडियमच्या नर्सरीतून, कापसाची दाढी लावून. ख्रिस्ती वस्ती मात्र त्याच्या कितीतरी आधीची, जालन्याजवळचं बेथेल हे गाव रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेलं. तिथल्या घरांत नाताळ म्हणजे पुण्या-मुंबईला गेलेली माणसं घरी यायचा सण, त्यामुळं 'कधी येता' विचारणारं पत्र तिथं सांतापेक्षा जास्त शोभतं.

पत्र कुणाला लिहायचं हाच या उपक्रमातला खरा प्रश्न आहे. बऱ्याच ठिकाणी काय करतात, खोक्याला लाल घोटीव कागद चिकटवून वर्गातच पेटी करतात, लेकरं त्यात 'सांता मला सायकल दे' टाकतात आणि सुट्टी लागली की खोकं रद्दीत. फोटो झकास येतात, पण पोस्ट म्हणजे काय ते लेकराला कळतच नाही. त्यापेक्षा आजीला, मामाला, लग्न होऊन गेलेल्या आत्याला लिहावं, म्हणजे ज्याच्याकडून उत्तर येईल अशा माणसाला. आणि डिसेंबरात लिहायला विषय कमी असतात का, हुरडा येऊ लागलेला असतो, लातूर-धाराशिवकडं येळवस, म्हणजे शेतात जेवायला जायचा वेळ अमावस्येचा सण, तोंडावर असते, आंबील-भज्जी खायला या एवढं लिहिलं तरी कार्ड भरतं. बीडकडच्या गावांत तर याच दिवसांत अर्ध्या वर्गाचे मायबाप ऊसतोडीला गेलेले असतात आणि लेकरं आजीजवळ. त्यांना पत्र लिहायची लई हौस, पण टोळी उसाच्या एका फडावरून दुसऱ्या फडावर जाते, कोपीला, म्हणजे त्यांच्या झोपडीला, कुठला पत्ता? तिथं बाईंनी आधी मुकादमाला फोन करून, पत्र कुठं पाठवलं तर पोचेल ते विचारून घ्यावं. पत्ता नसेल तर पत्र जात नाही हे त्या लेकरांना न शिकवता कळतं.

लिहायची रीत सोपी आहे. लेकरानं बोलायचं, बाईंनी जसंच्या तसं उतरवायचं, सुधारायचं नाही. 'आज्जी आमच्या शेळीला दोन पिल्लं झालेत तू काय करायलीस' हे असंच गेलं पाहिजे, त्याचं 'तीर्थस्वरूप आजीस साष्टांग नमस्कार' करू नये. मग उरलेल्या जागेत शेळीचं चित्र आणि खाली सही, म्हणजे नावाचं पहिलं अक्षर, तेही जमत नसेल तर शाईत बुडवून अंगठा. पोस्टकार्डाच्या उजव्या अर्ध्यात पत्ता असतो आणि शेळीची शेपटी हमखास तिकडं जाते, म्हणून आधीच पेन्सिलीनं उभी रेघ मारून 'ही पोस्टमन मामाची जागा' असं सांगून ठेवावं.

कार्ड 50 पैशांचं. सुटे पैसे कुणाकडंच नसतात म्हणून रुपयाला दोन घ्यावी लागतात, त्यातलं एक खराब होणारच आहे. अंतर्देशीय अडीच रुपयांचं, पण त्यात काही घालता येत नाही, आणि लेकरांना तर चमकी, पान, चॉकलेटचा कागद असलं सगळं घालायचं असतं, त्यांना 5 रुपयांचं पाकीट द्यावं. तिकीट कमी पडलं तर पत्र बैरंग होतं आणि कमी पडलेल्याच्या दुप्पट पैसे आजीला भरावे लागतात.

पत्ता बाईंनीच लिहावा, पिनचे सहा आकडे मात्र मोठ्या गटातल्या लेकरांना चौकटीत बघून काढू द्यावेत. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला, तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे पोस्टातले अधिकारी आणि संस्कृत कवी, म्हणजे आपलाच मराठी माणूस. आपल्याकडं एक गंमत आहे, परभणी, नांदेड, जालना या शहरांचा पिन 431 नं सुरू होतो आणि लातूर-धाराशिवचा 413 नं, आणि मागचं पुढं करायची सवय असलेल्या वयात ही अदलाबदल ठरलेली, तेवढं तपासून घ्यावं. (निजामाच्या राज्यात इथलं पोस्ट आणि तिकिटं दोन्ही वेगळी होती, ते 1950 मध्ये भारतीय टपालात आलं, जुनी तिकिटं कुणाच्या आजोबांकडं असली तर वर्गात मागवावीत.)

पेटीपर्यंत चालत जायचं, रांगेत, आणि कार्ड प्रत्येकानं आपल्या हातानं टाकायचं. हात पोचत नाही, उचलून धरावं लागतं, वेळ जातो, जाऊ द्यावा. एका वर्गातला पोरगा कार्ड टाकून पेटीला कान लावून उभा राहिला आणि म्हणाला, 'आत कुणीच बोलंना.' त्यासाठी पेटी उघडायची वेळ आधी विचारून ठेवावी, कुलूप काढलं, कार्डं पिशवीत गेली, शिक्का बसला, हे बघितलं की शंका फिटते. गावातल्या शाखा डाकघरात शिक्का मारताना लेकरांना सहसा कुणी हाकलत नाही.

सगळ्यात मोठी अडचण उत्तराची. आजोबा पत्र मिळाल्या मिळाल्या फोन करतात, 'मिळालं बरं का बाळा', आणि उपक्रम तिथंच संपतो. म्हणून कार्डाऐवजी पाकीट पाठवावं, त्यात बालवाडीचा पत्ता लिहिलेलं कोरं पोस्टकार्ड घालावं आणि वर लिहावं, फोन करू नका. एवढं केलं तरी काही कार्डं संक्रांतीला, तिळगुळाच्या गडबडीत येतात.