बर्लिन बचाव : लंडनच्या चार डावांची पार्श्वभूमी

बुद्धिबळातल्या रुय लोपेझ या सुरुवातीत तिसऱ्या चालीला काळ्याने घोडा एफ-६वर काढला की झाला बर्लिन. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या खेळाडूंनी तो पिंजून काढला. नंतर अव्वल स्पर्धांत तो क्वचितच दिसे. भक्कम पण रटाळ, असा त्याचा लौकिक.

तो पालटला २०००च्या लंडनमधल्या जगज्जेतेपदाच्या लढतीने. पहिल्याच डावात आव्हानवीर व्लादिमिर क्रॅमनिकने बर्लिन खेळला. आठव्या चालीला वजिरावजिरी होऊन काळ्याचा राजा डी-८वर, कॅसलिंग (राजा-हत्ती एकाच चालीत हलवण्याची सोय) गेलेलं, सी-पट्टीत प्यादी एकामागे एक. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार प्यादी, काळ्याची तीन. बाकी सगळी मोहरी मारली गेली, तर उरलेला प्याद्यांचा डाव पांढरा जिंकतो. पण ती मारली जायला हवीत ना! काळ्याकडे दोन्ही उंट असतात आणि पांढऱ्याला आत शिरायला वाट सापडत नाही.

वाद आहे तो जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हच्या हट्टाचा. चौथ्या चालीला डी-३ खेळून वजीर पटावर ठेवता आले असते. हल्ला हेच ज्याचं बलस्थान, तो पहिल्या, तिसऱ्या, नवव्या आणि तेराव्या डावात त्याच वजीरविरहित स्थितीत शिरला. चारही बरोबरीत. तिसरा ५३ चाली रेटला. तेरावा, दोन गुणांनी मागे असताना, १४ चालींत आटोपला. समर्थक म्हणतात, स्थिती पांढऱ्यालाच किंचित अनुकूल होती, मग माघार का घ्यायची? पटापुरतं ते खरं. पण समोरचा त्याच स्थितीची जय्यत तयारी करून बसला होता आणि हे पहिल्या दोन बर्लिननंतर तरी दिसायला हवं होतं.

बर्लिनने एकही डाव जिंकून दिला नाही, हे मात्र विसरलं जातं. आव्हानवीराचे दोन्ही विजय पांढऱ्या मोहऱ्यांनी, ग्रुनफेल्ड आणि निम्झो-इंडियन या सुरुवातींमध्ये. निकाल साडेआठ-साडेसहा. एकही डाव न जिंकता जगज्जेतेपद गमावण्याची वेळ याआधी १९२१मध्ये हवानात इमॅन्युएल लास्करवर आली होती.

त्यानंतर बर्लिन सगळ्यांच्याच भात्यात आला. २०१४मध्ये सोचीत अकराव्या डावात आपल्या माजी जगज्जेत्या विश्वनाथन आनंदनेही मॅग्नस कार्लसनविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी तोच निवडला, वजिराच्या बाजूला प्यादं रेटून डाव तापवला, सत्ताविसाव्या चालीला हत्ती उंटाच्या तोंडी दिला आणि डावासह लढतही गमावली. आता पांढरे बऱ्याचदा डी-३ खेळून वजिरावजिरी टाळतात. ज्यांना अर्धा गुण पुरतो, त्यांच्यासाठी बर्लिनमध्येच पांढऱ्या वजिराने शह देत चाली पुन्हापुन्हा खेळण्याची तयार वाट आहे. पंधराएक चालींत बरोबरीवर सही करून दोघे मोकळे.