सायकलच्या दिव्याची बॅटरी नेमकी कुठे मार खाते : पार्श्वभूमी

कोल्हापुरात गंगावेशीकडे पहाटे दुधाचे कॅन लावून येणाऱ्या सायकलींना एके काळी डायनामो पुरत असे. 6 व्होल्ट, 3 वॅट. चाक थांबलं की दिवा गेला, पावसात टायर ओला झाला की डायनामो घसरायचा. पण खड्ड्याने त्याचं फारसं बिघडत नसे. वीज साठवायची ठरली आणि खड्डे आडवे आले.

शिसे-आम्लाची बॅटरी 1859 मधली, फ्रेंच शास्त्रज्ञ प्लांतेची. तिची 6 व्होल्ट, 4 अँपिअर-तासाची सीलबंद पेटी पाऊण किलोच्या घरात जाते, म्हणजे आधी तिला सायकलला धरणारा क्लँपच तुटतो. स्वीडनच्या युंगनरने 1899 मध्ये केलेला निकेल-कॅडमियम सेल जात्याच दणकट. त्याचं दुखणं वेगळं. 6 व्होल्टसाठी पाच सेल एकामागे एक जोडावे लागतात. त्यातला कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे चार त्याच्यातून करंट ढकलतच राहतात, त्याचे ध्रुव उलटतात, आत वायू होतो आणि टोपीच्या कडेने क्षार बाहेर येतो. स्प्रिंगवर जमणारी पांढरी पूड ती हीच. व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून कोरडी करावी.

1991 मध्ये सोनीने लिथियम-आयन बाजारात आणली आणि वजनाचा प्रश्न मिटला. आजच्या बहुतेक मोठ्या दिव्यांत 18650 सेल असतो: 18 मिलिमीटर जाड, 65 लांब, सुमारे 47 ग्रॅम. खड्ड्यात स्वतःच्या वजनाच्या दहापट धक्का बसला तर तो स्प्रिंगवर अर्ध्या किलोसारखा आदळतो. संपर्क क्षणभर सुटतो आणि दिवा विझतो किंवा मोड बदलतो. पन्हाळ्याच्या उतारावर हे फार महागात पडतं. जाड स्प्रिंग किंवा सेलभोवती पुठ्ठ्याची गुंडाळी, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

खरी नाजूक जागा खांद्याची, म्हणजे सेलच्या धन टोकाकडच्या गोल कडेची. सेलचा अख्खा डबा ऋण असतो. धन टोपी त्याच्यापासून जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर दूर, मध्ये फक्त प्लॅस्टिकचा सील आणि वरची पातळ प्लॅस्टिकची कातडी. ती घासून फाटली आणि तिथे सेल जोडणारी निकेलपट्टी टेकली की थेट शॉर्ट. खांद्यावर फायबरची चकती घालून नवी कातडी चढवायला दहा मिनिटं लागतात. डबा चेपला असेल तर मात्र ती मेहनत घेऊ नये, सेल बाद करावा.

दोन सेल समांतर जोडलेल्या पॅकचं दुखणं फसवं असतं. एका सेलचं वेल्डिंग सुटलं तरी दिवा पेटतो, फक्त निम्माच वेळ. सेल म्हातारे झाले असं समजून लोक पॅक फेकतात. पट्टी हलक्या हाताने दाबून बघावी. सुटली असेल तर स्पॉट वेल्डिंगच करून घ्यावं. उद्यमनगरसारखी कारखान्यांची वसाहत असलेल्या गावात सरळ सोल्डरिंगचा डाग द्यायचा मोह होणारच. पण त्याच्या उष्णतेने टोपीखालचा सील जातो.