ऑब्जेक्ट लॉक व प्रतीक्षा

सामाईक ऑब्जेक्ट एका वेळी एकाच थ्रेडला (प्रोग्रॅममधील स्वतंत्रपणे चालणाऱ्या आज्ञाक्रमाला) हाताळता यावा म्हणून त्याला जोडलेला लॉक, आणि अपेक्षित स्थिती येईपर्यंत तो लॉक सोडून थांबण्याची सोय, यांची एकत्रित यंत्रणा. तिचे मूळ सामाईक माहिती, तिच्यावरील क्रिया व त्यांचा लॉक एकत्र बांधणाऱ्या ‘मॉनिटर’ या संकल्पनेत आहे.

मॉनिटरच्या जनकत्वाविषयी मतभेद आढळतात. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांचा ऑक्टोबर १९७४ मधील लेख सर्वाधिक उद्धृत होतो. तथापि पेर ब्रिंच हॅन्सन यांनी ऑपरेटिंग सिस्टिमवरील आपल्या १९७३ च्या ग्रंथात तीच कल्पना भाषेच्या रचनेसह मांडली होती. दोघांत आधीपासून विचारविनिमय होता आणि सिम्युला ६७ या प्रोग्रॅमिंग भाषेतील ‘क्लास’चा (माहिती व तिच्यावरील क्रिया एकत्र ठेवणाऱ्या रचनेचा) आधारही दोघांनी घेतला होता, त्यामुळे श्रेय दोघांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

खरा भेद थांबलेल्या थ्रेडला इशारा देऊन जागे करण्याच्या रीतीत आहे. होअर यांच्या मांडणीत इशारा देणारा थ्रेड थांबतो व लॉक थेट प्रतीक्षारत थ्रेडकडे जातो. झेरॉक्सच्या मेसा भाषेत (लॅम्पसन व रेडेल, १९८०) इशारा ही केवळ सूचना असते. जागा झालेला थ्रेड इतरांबरोबर लॉकसाठी स्पर्धा करतो आणि तोवर स्थिती पुन्हा पालटलेली असू शकते. जावा ही भाषा व पोझिक्स थ्रेड (युनिक्ससारख्या प्रणालींतील थ्रेडांचे मानक) यांनी हाच मार्ग घेतला. शिवाय इशाऱ्याविना जाग येण्याचीही त्यांत मुभा असल्याने अट ‘इफ’ने (एकदाच) नव्हे, ‘व्हाइल’ने (पुन्हा पुन्हा) तपासावी लागते.

जावामध्ये ‘वेट’ ही प्रतीक्षेची क्रिया बोलावणाऱ्या थ्रेडकडे त्या ऑब्जेक्टचा लॉक असावाच लागतो, नसल्यास अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे त्रुटीची सूचना) फेकला जातो. तोच लॉक अनेकदा घेतलेला असला तरी तो पूर्ण सुटतो आणि परतताना तितक्याच वेळा घेतलेल्या स्थितीत मिळतो. मात्र थ्रेडने धरलेले इतर ऑब्जेक्टांचे लॉक सुटत नाहीत. एकात एक गुंफलेल्या मॉनिटरांतील कोंडी बहुधा येथेच उद्भवते. थ्रेडला ठरावीक वेळ थांबवणारे ‘स्लीप’ कोणताच लॉक सोडत नाही. एका प्रतीक्षारत थ्रेडला इशारा देणाऱ्या ‘नोटिफाय’नेही लॉक लगेच सुटत नाही: जागा झालेला थ्रेड ‘वेटिंग’ अवस्थेतून ‘ब्लॉक्ड’मध्ये (लॉकसाठी अडलेल्या अवस्थेत) जातो आणि इशारा देणारा सिंक्रोनाइज्ड (लॉक धरून चालणाऱ्या) भागातून बाहेर पडल्यावरच त्याला संधी मिळू शकते. अडथळा (इंटरप्ट) आणून प्रतीक्षा मोडली तरी त्याचा अपवाद लॉक परत मिळाल्यानंतरच हाती येतो.

प्रत्येक ऑब्जेक्टला प्रतीक्षकांचा एकच संच असल्याने भिन्न अटींवर थांबलेले थ्रेड त्यात मिसळतात. अशा वेळी ‘नोटिफाय’ भलत्यालाच जागे करू शकते, म्हणून सर्वांना जागे करणारे ‘नोटिफाय ऑल’ सुरक्षित मानतात. २००४ मधील जावा ५ ने एका लॉकवर अनेक ‘कंडिशन’ (प्रतीक्षकांचे वेगवेगळे संच) ठेवण्याची सोय दिली.