रिन्यू-पॉइंट निब आणि एस्टरब्रुकची जुनी पेने

रिन्यू-पॉइंट : अमेरिकेतील एस्टरब्रुक कंपनीने आपल्या फाउंटन पेनांसाठी तयार केलेल्या, आट्यांवर फिरवून बसवता व काढता येणाऱ्या निबांचे व्यापारी नाव. निब, तिच्या पोटाशी असलेली व तिला शाई पुरवणारी जीभ आणि या दोहोंना धरून ठेवणारे आट्यांचे कडे मिळून एक जोड होतो. हा जोड पेनाच्या पुढच्या भागातून केवळ बोटांनी फिरवून बाहेर काढता येतो आणि त्या जागी दुसऱ्या जातीची निब बसवता येते. जुन्या फाउंटन पेनांच्या संग्रहात एस्टरब्रुकला वेगळे स्थान मिळाले ते या सोयीमुळे. इतर पेनांचा संग्राहक पेने जमवतो. एस्टरब्रुकचा संग्राहक पाहता पाहता निबा जमवू लागतो आणि पेन त्याच्या लेखी निबेचा दांडा उरतो.

या पद्धतीचे मूळ फाउंटन पेनात नसून टाकात आहे. इंग्लंडमधील कॉर्नवॉलचा क्वेकर पंथीय रिचर्ड एस्टरब्रुक याने १८५८ साली न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन येथे पोलादी निबांचा कारखाना सुरू केला. त्या काळी पोलादी निबांचे माहेरघर बर्मिंगहॅम होते आणि तेथील कसबी कारागीर आणूनच अमेरिकेत हा धंदा उभा राहिला. टाकाची निब ही मुळातच बदलण्याची वस्तू होती. दांडा तोच राही. टोक झिजले किंवा गंजले की पेटीतून नवी निब काढून लावली जाई. शिवाय हिशेबनीस, शाळकरी मुले, नकाशे काढणारे, व्यंगचित्रकार अशा प्रत्येकाच्या हाताला वेगळी निब लागे आणि कारखाना तिला स्वतंत्र क्रमांक देई. व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ हे एस्टरब्रुकची ९१४ क्रमांकाची ‘रेडिओ’ निब वापरत. कंपनी बंद होत असताना त्यांनी त्या निबांचा उरलेला साठा विकत घेऊन ठेवला होता.

१९३० च्या दशकात एस्टरब्रुक फाउंटन पेनांकडे वळली तेव्हा टाकाचा हा स्वभाव तिने पेनातही आणला. अन्य नामांकित कंपन्या सोन्याच्या निबा घालून पेन महाग विकत असताना तिने पोलादी निबेचे स्वस्त पेन काढले. एका डॉलरच्या किमतीमुळे पहिल्या पेनांना आजही ‘डॉलर पेन’ म्हणतात. पोलादाची निब सोन्यापेक्षा लवकर खराब होते, ही उणीव होतीच. पण जो भाग झिजणार तोच बदलता आला, तर उणिवेचे रूपांतर विक्रीच्या सोयीत होते, हा हिशेब त्यामागे होता. दुकानात गिऱ्हाईक निबा लिहून पाही, हाताला जुळेल ती निवडी आणि तेथल्या तेथे पेनात बसवून घेई.

निबेवरचा चार आकडी क्रमांक हा या सगळ्या व्यवस्थेचा गाभा आहे. पहिला आकडा धातू व टोकाचा प्रकार सांगतो आणि उरलेले तीन आकडे लेखनाचा प्रकार. १ आणि २ ने सुरू होणाऱ्या निबांचे टोक त्याच पोलादी पत्र्याला दुमडून व घासून तयार केलेले असते; त्यावर कठीण धातूचा थेंब जोडलेला नसतो, म्हणून त्या स्वस्त पडत. ९ ने सुरू होणाऱ्या निबांच्या टोकाला इरिडियम वर्गातील कठीण मिश्रधातू जोडलेला असतो. ‘मास्टर ड्युराक्रोम’ या नावाने विकल्या गेलेल्या या निबा आजही न झिजता लिहितात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅलेडियम व चांदी यांच्या मिश्रधातूच्या निबा निघाल्या. त्यांचे क्रमांक ३ किंवा ८ ने सुरू होतात आणि पाठीवरच्या किरणांच्या नक्षीमुळे संग्राहक त्यांना ‘सनबर्स्ट’ म्हणतात. उरलेल्या तीन आकड्यांत टाकाच्या युगाची आठवण लपली आहे. टाकाची ०४८ ‘फाल्कन’ पेनात २०४८ आणि ९०४८ झाली, ३१४ ‘रिलीफ’ची २३१४ आणि ९३१४ झाली, ४४२ ‘जॅक्सन स्टब’ची २४४२ झाली. मोटारींच्या जगात घोड्यांची जुनी नावे टिकावीत तसा हा प्रकार आहे.

व्यवसायानुसार निब हा विचार किती बारकाईने केला होता, हे काही क्रमांकांवरून दिसते. १५५० आणि ९५५० या अतिबारीक, कडक निबा जमाखर्चाच्या वह्यांसाठी होत्या, कारण खातेवहीच्या अरुंद रकान्यात आकडा मावला पाहिजे. १४६१, ९४६० व ९४६१ या ‘मॅनिफोल्ड’ निबा जवळजवळ लवतच नाहीत. खाली कार्बन कागद ठेवून लिहिताना जोर द्यावा लागतो आणि साधी निब अशा वेळी फाकते. १५५५ व ९५५५ या ग्रेग पद्धतीच्या लघुलेखनासाठी होत्या. ग्रेगमध्ये रेषेच्या जाडीला अर्थ नसतो, लांबीला असतो, म्हणून रेषा एकसारखी बारीक हवी. भारतात मात्र शिकवली गेली ती मुख्यतः पिटमन पद्धत. तिच्यात एकच रेघ बारीक काढली तर एक व्यंजन आणि ठळक काढली तर दुसरे. त्यामुळे आपल्याकडच्या लघुलेखकाच्या कामाची निब ग्रेगची नव्हे, दाबाने पसरणारी लवचीक निबच. सर्वसाधारण लेखनासाठी बारीक ९५५६ आणि मध्यम ९६६८ या आजही सर्वांत उपयोगी निबा आहेत. जाड रेषेच्या सहीसाठी २२८४ ही रुंद सपाट टोकाची, सुलेखनाच्या हौसेसाठी २३१२ ही इटॅलिक, तर २३१४ मध्ये बारीक, मध्यम आणि जाड अशी तिरप्या टोकाची तीन मापे मिळत.

देवनागरी लिहिणाऱ्याने यांतून निवड करताना थोडा वेगळा विचार करावा लागतो. रोमन अक्षरापेक्षा देवनागरी अक्षरात एकाच उंचीत अधिक गाठी, गोलाई आणि जोडण्या असतात, वर शिरोरेषा व मात्रा आणि खाली उकार असतात. मध्यम निबेने रेघी वहीत ‘क्ष’, ‘ज्ञ’ किंवा ‘द्ध’ लिहिले की पोटातील मोकळी जागा शाईने भरून जाते. म्हणून रोजच्या मराठी लेखनाला ९५५६ सोयीची पडते. सपाट टोकाच्या निबांबाबत आणखी एक अडचण आहे. देवनागरीसाठी बोरूचे टोक ज्या दिशेने तिरपे छाटत, ती रोमनच्या छाटाच्या उलट असते. रोमनसाठी घडवलेल्या २३१४ ने पोथीच्या अक्षराचे वळण मिळेल अशी अपेक्षा धरून ती विकत घेतली, तर निराशा होण्याचीच शक्यता अधिक. त्यापेक्षा २३१२ चे सरळ छाटलेले टोक पेन वळवून धरल्यास अधिक ऐकते. लवचीक म्हणून मिळणाऱ्या ९०४८ व ९१२८ या निबाही शेवटी पोलादीच आहेत. जुन्या सोन्याच्या निबेसारखे त्यांना दाबायला गेल्यास पाती कायमची फाकतात आणि मग ती निब संग्रहापुरतीच उरते.

पेनांच्या नमुन्यांत सर्वाधिक आढळणारी माला ‘जे’ ही होय. ती १९४० च्या दशकात आली. आरंभीच्या पेनांना केवळ टोपणाच्या टोकावर रत्नासारखा गोल खडा असे. १९४८ च्या सुमारापासून तो दोन्ही टोकांना आला. मूळ ‘जे’ जाडसर, ‘एलजे’ तितकेच लांब पण सडपातळ, ‘एसजे’ आखूड व सडपातळ अशी तीन मापे होती. लाल, निळा, हिरवा, करडा आणि तांबूस अशा रंगांच्या चमकत्या रेघांचे प्लास्टिक हे त्यांचे ठळक लक्षण आहे. पेन हातात फिरवले की त्या रेघांतून उजेड सरकत जातो, आणि एक पेन घेणारा माणूस बहुधा दुसऱ्या रंगासाठी परत येतो तो यामुळेच.

शाई भरण्याची रचना तरफेची आहे. बाजूची धातूची तरफ उचलली की आतील दाबपट्टी रबरी पिशवीला दाबते, हवा निघून जाते, आणि तरफ सोडताच पिशवी शाई ओढून घेते. रबर काही दशकांनी कडक होऊन तडकते, म्हणून जुने पेन बहुधा न भरणारेच मिळते. पेन हलवल्यावर आत वाळलेल्या रबराचे तुकडे खुळखुळतात. दुरुस्ती घरी करण्याजोगी आहे. पुढचा भाग केस वाळवण्याच्या यंत्राने मंद गरम करून हलके हलवत काढावा, उघड्या ज्योतीजवळ नेऊ नये, जुने रबर खरवडून काढावे आणि ‘जे’ साठी १६ क्रमांकाची नवी पिशवी चपड्याच्या द्रावणाने चिकटवून वरून शंखजिऱ्याची पूड लावावी. हा क्रमांक इंचाच्या चौसष्टाव्या भागांत व्यास सांगतो, म्हणजे १६ ही पाव इंचाची पिशवी होय. येथे गोंद किंवा झटपट चिकटणारे द्रव वापरण्याचा मोह आवरावा, कारण पुढच्या वेळी पिशवी काढताना पेनच फुटते.

निब काढताना बहुतेकांची चूक एकच होते : वर्षानुवर्षे वाळलेल्या शाईने जाम झालेला जोड कोरडाच पिरगळला जातो. पुढचा भाग आधी काही तास साध्या पाण्यात बुडवून ठेवावा, मग निब व जीभ एकत्र धरून सावकाश फिरवावी. एकटी निब धरल्यास ती जिभेवरून सरकते. पोलादी निबेत शाई वाळू देणे तिच्यासाठी घातक असते, कारण मुलामा उडाला की गंज चढतो. म्हणून वापरात नसलेली पेने धुऊन रिकामी ठेवावीत. पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगाची साधी शाई वापरावी. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनची कॅमल शाई त्या जातीची असून अशा पेनात चांगली चालते. चित्रकारांची, चपडा मिसळलेली काळी शाई मात्र जिभेच्या खाचा कायमच्या बुजवते.

विकत घेताना टोपणाच्या कडेला गेलेला तडा, हरवलेला खडा आणि मागच्या टोकावरचे दातांचे व्रण प्रथम पाहावेत. कार्यालयांत वापरलेल्या पेनांत हे व्रण आश्चर्य वाटावे इतक्या वेळा दिसतात. निब भिंगातून पाहून दोन्ही पाती समपातळीत आहेत ना, टोकावरचा कठीण धातू शाबूत आहे ना, याची खात्री करावी. विक्रेता ९६६८ म्हणत असला तरी निबेवरचा आकडा स्वतः वाचावा. निबा अदलाबदलीच्या असल्यामुळे मूळ पेनात मुळात कोणती निब होती, हे सांगण्याचा कोणताच मार्ग नाही, आणि या एका बाबतीत ‘मूळ अवस्थेतील’ पेनाचा आग्रह धरणे व्यर्थ आहे.

बॉलपेन १९४५ मध्ये अमेरिकन बाजारात आले आणि पुढच्या दोन दशकांत स्वस्त फाउंटन पेनाची जागा त्याने घेतली. तरीही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायद्यावर सही करताना एकामागून एक उचललेली आणि नंतर उपस्थितांना वाटलेली अनेक पेने एस्टरब्रुकचीच होती. १९६७ साली कंपनी व्हीनस पेन्सिल कंपनीत विलीन झाली आणि पुढे काही वर्षांत पेनांचे उत्पादन थांबले. इंग्लंडमधील ऑस्मिरॉइड कंपनीच्या फिरवून बसवायच्या निबा एस्टरब्रुकच्या आट्यांत बसतात, त्यामुळे सुलेखनासाठी त्या आजही शोधल्या जातात. २०१८ पासून एस्टरब्रुक हे नाव केनरो या अमेरिकन कंपनीकडे असून तिच्या ‘एस्टी’ पेनासाठी एक जोडकडे मिळते, ज्यात जुनी रिन्यू-पॉइंट निब फिरवून बसवता येते.